घन सेंटीमीटर आणि मिलिलिटर समान असतील, तर प्रयोगात २० आणि २२ असा फरक का येतो?

प्रश्न (विज्ञानशिक्षिका):
नमस्कार. सातवीच्या वर्गात आम्ही एका लाकडासारख्या दिसणाऱ्या, पण पाण्यात बुडणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचे आकारमान दोन रीतींनी काढले. मुलांनी मोजपट्टीने त्याची लांबी ५ सेंमी, रुंदी २ सेंमी आणि उंची २ सेंमी अशी नोंदवली. म्हणजे आकारमान २० घन सेंमी. नंतर २५० मिलिलिटरच्या मोजपात्रात १०० च्या खुणेपर्यंत पाणी घेऊन ठोकळा त्यात सोडला, तेव्हा पातळी १२२ च्या खुणेवर आली. त्या मोजपात्राचा एक भाग २ मिलिलिटरचा आहे. एका मुलीने लगेच विचारले की, दोन्ही एकके सारखीच असतील तर दोन मिलिलिटर जास्त कुठून आले? मी घरी एक जुने पुस्तक काढले, तर त्यात एक लिटर म्हणजे १.००००२८ घन डेसिमीटर असे छापलेले आढळले. आता मुलांना काय सांगावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १ (मापनप्रेमी):
आपले जुने पुस्तक त्याच्या काळापुरते बरोबर आहे. १७९५ साली फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत कायद्याने आली तेव्हा लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर असेच ठरले होते. पुढे १९०१ साली वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने ही व्याख्या बदलली आणि सर्वाधिक घनतेच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअसला, एक किलोग्रॅम शुद्ध पाणी जितकी जागा व्यापते ती जागा म्हणजे लिटर, असे ठरवले. दोन्ही गोष्टी एकच असतील अशी अपेक्षा होती, परंतु किलोग्रॅमचा प्रमाण ठोकळा एक घन डेसिमीटर पाण्यापेक्षा किंचित जड घडला होता, आणि त्यामुळे दहा लाखांत २८ भागांचा फरक पडला. १९६४ साली परिषदेने ती व्याख्या मागे घेतली, आणि तेव्हापासून एक मिलिलिटर म्हणजे नेमका एक घन सेंटीमीटर होय.

आपल्या प्रयोगाशी मात्र या इतिहासाचा काही संबंध नाही. वीस मिलिलिटरमागे तो फरक ०.०००५६ मिलिलिटर भरतो. वर्गातील कोणत्याही मोजपात्रावर तो दिसणार नाही. चूक एककांत नसून मोजण्यात शोधावी लागेल.

उत्तर २ (प्रयोगवही):
मला आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ५, २ आणि २ हे आकडेच वाटतात. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या रेघा असताना मुलांनी पूर्ण सेंटीमीटर लिहून मोजमाप तिथेच सोडले आहे. नुसते ५ लिहिले की त्याचा अर्थ खरी लांबी ४.५ ते ५.५ सेंमी यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, असा होतो. तिन्ही बाजूंना हेच लावले तर आकारमान सुमारे १० घन सेंमीपासून ३४ घन सेंमीपर्यंत काहीही निघते, कारण तीन संख्यांचा गुणाकार करताना तिघींच्या चुकाही त्यात उतरतात. याउलट ५.०, २.० आणि २.० असे मिलिमीटरपर्यंत वाचून लिहिले असते, तर तीच मर्यादा १८.८ ते २१.२ इतकी आवळली असती. दशांश चिन्हानंतरचे शून्य मुलांना शोभेचे वाटते, परंतु आपण किती बारकाईने पाहिले याची ती कबुली असते, आणि मुलांना हे लवकर कळावे असे मला मनापासून वाटते.

पाण्याच्या बाजूने सांगायचे तर ठोकळ्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे पातळी वाढवतात. शिवाय काचेच्या मोजपात्रात पाण्याचा पृष्ठभाग वक्र असतो. काठाची पातळी वाचली की उत्तर जास्त येते, म्हणून वक्राचा खालचा बिंदू वाचावा.

उत्तर ३ (तराजू):
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. येथे आपण दोन वाचनांतील फरक घेत आहोत. त्यामुळे दोन्ही वेळा काठच वाचला असेल, तर ती चूक वजाबाकीत निघून जाते. खरा धोका डोळ्याच्या उंचीचा आहे. पातळी वर गेली तरी मुले पहिल्याच जागेवरून पाहत राहतात, आणि मग दोन वाचने दोन वेगळ्या कोनांतून होतात. पातळीबरोबर डोळाही वर न्यायला सांगावे.

दुसरे असे की, २ मिलिलिटरच्या भागांवर प्रत्येक वाचन एक मिलिलिटरने चुकू शकते, म्हणजे फरकात दोन मिलिलिटरपर्यंत चूक संभवते. एकसारखे तीन ठोकळे एकदम बुडवून उत्तराला तीनाने भागल्यास तीच चूक तिघांत वाटली जाईल. पाणी १५० मिलिलिटर घ्यावे, म्हणजे तिन्ही ठोकळे पूर्ण बुडतील.

विज्ञानशिक्षिका:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज प्रयोग पुन्हा केला. मिलिमीटरपर्यंत वाचल्यावर बाजू ५.१, २.१ आणि २.० सेंमी निघाल्या, म्हणजे आकारमान सुमारे २१.४ घन सेंमी. तीन ठोकळे बुडवल्यावर पातळी १५० वरून २१४ वर गेली. तीनाने भागल्यावर एका ठोकळ्याला सुमारे २१.३ मिलिलिटर आले. म्हणजे पहिल्या दिवशी पाण्याचे उत्तर खऱ्याच्या अधिक जवळ होते आणि मी मात्र मोजपट्टीवर विश्वास ठेवून बसले होते. तिसरी बाजू नेमकी दोनच भरते, मग नुसते २ का लिहायचे नाही, असे एका मुलाने विचारले; त्याला उत्तर परवा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने दिले.