हापूसवरची बंदी ब्रिटन एकटं का उठवू शकलं नाही? युरोपीय संघात गेलेल्या देशाच्या सार्वभौमत्वाचं नेमकं काय होतं?

दादरकर_वाचक:
१ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. लंडन आणि लेस्टरचे व्यापारी ओरडत होते, तरी ब्रिटनला ती बंदी आपल्यापुरती उठवता आली नाही. दोन वर्षांनी, २३ जून २०१६ ला, त्याच देशातल्या ५१.९ टक्के मतदारांनी संघाबाहेर पडायचा कौल दिला. आमच्या वाचनालयातल्या चर्चेत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो संघात जाणं म्हणजे देश गहाण टाकणं, दुसरा म्हणतो सार्वभौमत्वच आता कालबाह्य झालं. दोन्ही बोलणी मोघम वाटतात. कुठला अधिकार कोणाकडे जातो, तो परत घेता येतो का, आणि घेतल्यावर पदरात काय पडतं? शिवाय आपल्या जीएसटीशी याची तुलना चालेल का?

कलम_वाचणारा:
आधी आंब्याचं. त्या प्रसंगात लोक ब्रिटनला उगाच बिचारं ठरवतात. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही बंद झालं. ब्रिटनच्या शेतीखात्याने या निर्णयाची बाजूच घेतली, कारण तिथल्या टोमॅटो-काकडीच्या पिकाला किडीची भीती होती. ब्रिटनची इच्छा असती तरी एकट्याने दार उघडता आलं नसतं, हे मात्र खरं. आतल्या सीमेवर तपासणीच नाही म्हटल्यावर एका देशाने आत घेतलेली अळी सगळीकडे पोचते. म्हणून वनस्पती-आरोग्याचे नियम सगळ्यांचे एकच.

आता अधिकाराचं. सार्वभौमत्व हा एक गठ्ठा नाही, विषयवार वाटणी असते. जकात संघ (आत जकात नाही, बाहेरच्या मालाला सगळीकडे एकच जकात), व्यापार करार, स्पर्धा-नियम, समुद्री जिवांचं संवर्धन आणि (युरो वापरणाऱ्या देशांपुरतं) चलनधोरण हे सर्वस्वी संघाकडे. शेती, पर्यावरण, वाहतूक सामाईक. तिथे संघाने नियम केला नसेल तिथवर देश करू शकतो. शाळा, दवाखाने, संरक्षण मुख्यत्वे देशाकडे. भारताला एकट्या जर्मनीशी जकातीचा करार करायचा झाला तर जर्मनीला सहीचा अधिकारच नाही. युरोपशी वाटाघाटी २००७ ला सुरू झाल्या, २०१३ ला अडल्या, २०२२ ला परत सुरू झाल्या. बाहेर पडलेल्या ब्रिटनने २०२२ ला बोलणी सुरू करून २४ जुलै २०२५ ला भारताशी सही केली. हा परत मिळालेला अधिकार खरा आहे, तो नाकारू नये.

मतदानात बहुतेक कायद्यांना २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते, म्हणजे तुमच्या विरोधातही कायदा होऊ शकतो. कर आणि परराष्ट्र धोरणात एकमत लागतं. तिथे माल्टासारखा छोटा देशही अडवू शकतो.

संघाचा कायदा देशाच्या कायद्यावर चालतो हे तत्त्व १९६४ चं. मिलानच्या एका वकिलाने वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा निषेध म्हणून १,९२५ लिऱ्यांचं बिल भरलं नाही, आणि त्या क्षुल्लक बिलावरून युरोपच्या न्यायालयाने हा निकाल दिला. ब्रिटनला त्याचा चटका १९९० मध्ये बसला. स्पॅनिश मच्छीमार बोटींच्या खटल्यात संसदेचा १९८८ चा कायदा बाजूला ठेवावा लागला. पण ज्या १९७२ च्या कायद्याने हे सगळं आत आलं होतं तो कायदा संसदेनेच केला होता आणि संसदेनेच रद्द केला. शेवटची किल्ली देशाकडेच होती.

न्हावाशेवा_डॉक:
बाहेर पडल्यावर मालाचं काय होतं ते लिहितो, कारण चर्चेत हेच राहून जातं.

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपमध्ये शून्य ड्यूटी, पण ती फक्त तिथे बनलेल्या मालाला. इथून टी-शर्टचा कंटेनर ब्रिटनच्या फेलिक्स्टो बंदरात उतरवला, ड्यूटी भरली, गोदामात खोकी फोडून त्यातला अर्धा माल डब्लिनला पाठवला, तर संघात असलेल्या आयर्लंडमध्ये पुन्हा पूर्ण ड्यूटी लागते. लेबल लावणं, नव्या खोक्यात भरणं याने माल 'ब्रिटिश' होत नाही. लंडनच्या गोदामातून सगळा युरोप चालवणाऱ्यांचं गणित इथेच कोसळलं. यातून वाट तीनच: आयर्लंडचा माल सुरुवातीलाच वेगळ्या बिलाने पाठवायचा, ब्रिटनमध्ये तो बाँडेड गोदामात ड्यूटी न भरता ठेवायचा, किंवा ट्रान्झिटच्या कागदावर सीलबंद पुढे काढायचा. आयातदाराचा ईओआरआय क्रमांकही (सीमाशुल्काचा नोंदणी क्रमांक) दोन ठिकाणी वेगळा लागतो. ब्रिटनचा क्रमांक रॉटरडॅमला टाकला की माल तिथेच अडतो.

उलट रॉटरडॅमला एकदा ड्यूटी भरली की माल वॉर्सापर्यंत मोकळा. त्या ड्यूटीतला २५ टक्के वाटा नेदरलँड्स वसुलीचा खर्च म्हणून ठेवतो, बाकी संघाच्या तिजोरीत जातो. जकातीचं सार्वभौमत्व 'जातं' म्हणतात ते असं.

हापूसबद्दल: युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया ४८ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं. आंबा एका आकाराचा लावावा लागतो. मोठ्या फळात कोयीपर्यंत उष्णता उशिरा पोचते आणि अळी जगते. तापमान वर गेलं तर साल भाजते. ब्रिटन बाहेर पडलं म्हणून हे नियम एका रात्रीत गेले नाहीत. २०१८ च्या कायद्याने तिथल्या संसदेने जुने युरोपीय नियम आपल्या कायद्यात उतरवून घेतले. नियम बदलायचा अधिकार आला, पण अळी तीच आहे.

मिंटरोड:
वरच्या दोघांनी चलन बाजूला ठेवलं. माझ्या मते खरी दुखरी जागा तीच आहे. ब्रिटनकडे पाउंड होता, म्हणून त्याला निदान भांडता आलं. कर्जात अडकलेला ग्रीस युरो वापरत होता, त्याच्याकडे स्वतःचं चलन नव्हतं. जून २०१५ च्या शेवटी युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांच्या तातडीच्या कर्जाची मर्यादा वाढवायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, बँका बंद झाल्या. एटीएममधून एका कार्डावर दिवसाला ६० युरो. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्क्यांनी सावकारांच्या अटी नाकारल्या आणि आठवडाभरात सरकारला कडक अटींवर सही करावी लागली. पैशावरचे निर्बंध पूर्ण उठायला २०१९ चा सप्टेंबर उजाडला. स्वतःची रिझर्व्ह बँक असती तर चलन घसरलं असतं, आयात महागली असती, लोकांनी सोसलंही असतं, पण नोटांअभावी बँकांना टाळं लागलं नसतं. जकातीत अधिकार दिलात तर मतदानात वाटा तरी मिळतो. चलनात दिलात तर संकटाच्या दिवशी हातात काही उरत नाही. कुठल्याही संघाचा विचार करताना या दोन गोष्टी एका पारड्यात टाकू नयेत.

दादरकर_वाचक:
सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. जीएसटीचं राहिलं. दहिसर, मुलुंड, वाशीचे जकात नाके १ जुलै २०१७ ला बंद झाले, तेही असंच का?

कलम_वाचणारा:
अर्धंच. नाका गेला, ट्रकची रांग गेली, महापालिकेचं हक्काचं मोठं उत्पन्न गेलं आणि बदल्यात राज्याकडून भरपाई आली, इथवर साम्य आहे. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे केंद्र नको म्हणालं की काहीच होत नाही. ब्रसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयात, असा नकाराधिकार असणारा 'केंद्र' सदस्य मतदानाला बसत नाही. शिफारशी बंधनकारक नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं, तरी महाराष्ट्राला युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ५० सारखी बाहेरची वाट नाही. संघात नोटीस द्यायची, दोन वर्षं मोजायची. ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला दिली आणि मुदतवाढी घेत ३१ जानेवारी २०२० ला निघालं. चर्चेत जकात नाक्याचं उदाहरण जरूर द्या. फक्त ते जकात संघाचं उदाहरण आहे, सार्वभौमत्वाचं नाही, कारण मुंबई कधी सार्वभौम नव्हती.