चौपट वेगाने 'पोकेमॉन रेड' खेळून नाक मुरडणाऱ्यांसाठी

तिरकस: काल इथे एकाने लिहिलं की लहानपणी जीव टाकायचो तो गेमबॉयवरचा, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचा खेळ 'पोकेमॉन रेड' परत खेळलो, तर 'संथ, मठ्ठ आणि बगांनी भरलेला' निघाला; आपण उगाच आठवणींचे गोडवे गातो. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा. याच महाशयांनी पुढे सांगितलंय की एम्युलेटर (जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) चौपट वेगावर होता. अहो, मग खेळलात काय? माउंट मूनच्या गुहेत पावलापावलाला झुबॅट हा वटवाघळासारखा पोकेमॉन आडवा येणार, त्याच्या सुपरसॉनिक हल्ल्याने गोंधळून आपलाच पोकेमॉन स्वतःला मारून घेणार, जखमा भरणारे पोशन संपत आलेले आणि बाहेरची वाट सापडत नाही. खेळ तो हाच. तुम्ही गाळलात तेवढाच.

निवांत: माझ्या नावाने धागा, धन्य झालो. पण बगांबद्दल, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांबद्दल, चकार शब्द नाही? फोकस एनर्जी या चालीने क्रिटिकल हिटची (जबर फटक्याची) शक्यता वाढायला हवी, ती पाव होते. भूत प्रकारचे हल्ले सायकिक (मनोशक्तीच्या) पोकेमॉनवर भारी पडायला हवेत, तिथे परिणाम शून्य. आणि ज्याच्या धाकाने तळहाताला घाम सुटायचा तो शेवटच्या टप्प्यातला प्रतिस्पर्धी लान्स! त्याच्या लेव्हल ६२च्या ड्रॅगोनाइटसमोर वीनसॉर हा विषारी पोकेमॉन उभा करा. विषारीवर सायकिक भारी, एवढंच त्याला कळतं. म्हणून अ‍ॅजिलिटी आणि बॅरिअर या चालींचा जप सुरू. दोन्ही सायकिक, दोन्हींनी इजा शून्य. याला घाबरायचो आपण?

जुनी_खोड: +१ तिरकस. वेग वाढवणारे आणि सेव्ह स्टेटवाले (हव्या त्या क्षणी खेळ साठवून मागे जाणारे) एकाच माळेचे मणी. आमच्या वेळी एकच सेव्ह फाइल असायची. धाकट्या भावाने न्यू गेम सुरू करून वर सेव्ह केलं. सगळ्यात ताकदवान पोकेमॉन मेव्टूसकट सगळं गेलं. त्या पोराशी मी आजही त्या विषयावर नीट बोलत नाही.

शेंडेफळ: धाकट्यांची बाजू कोणी मांडणार की नाही? दादा गेमबॉय हातात देत नसे. शेजारी बसून बघायचं, ते पण उजेडाच्या उलट बाजूला, म्हणजे स्क्रीन दिसायचीच नाही. मग तो आंघोळीला गेला की न्यू गेमच दाबणार ना? त्याच्या टीमला हात लावला असता तरी मारच खाल्ला असता.

जुनी_खोड: न्यू गेम दाबा हो, हौसेने दाबा. सेव्ह का केलंत?

शेंडेफळ: कारण मी स्क्वर्टल घेतला होता आणि तो माझा होता!

जुनी_खोड: म्हणजे जाणूनबुजून. वा. कधीच न चुकणारा, एकच मिळणारा पोकेमॉन पकडायचा मास्टर बॉल आधीच मोल्ट्रेस या पक्ष्यावर उधळला होता मी. मेव्टूवर अल्ट्रा बॉल टाकतोय, तो रिकव्हर करून ताकद भरून काढतोय, मी पुन्हा टाकतोय. आणि तुमचा स्क्वर्टल!

शेंडेफळ: मास्टर बॉल मोल्ट्रेसवर? मग बरंच झालं गेला ते.

तिरकस: अहो, भाऊबंदकी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) मिटवा. निवांत, वेगाचं बोला.

निवांत: बोलतो. मला रात्री अर्धा तास मिळतो, तोही पोरं झोपली तर. लेव्हल वाढवायला गवतात पिजीसारखे किरकोळ पोकेमॉन झोडत बसलो तर लान्सपर्यंत पोचायला निवृत्ती उजाडेल. शाळकरी पोराच्या उन्हाळी सुट्टीच्या मापाने शिवलेला अंगरखा आहे तो. माझ्या अंगात शिरत नाही, हा दोष फक्त माझा?

तिरकस: मग 'मला वेळ नाही' असं लिहायचं. 'मठ्ठ' कशाला? बग होते, मान्य. ड्रॅगोनाइटचं ऐकून तर हसूच आलं. पण तेव्हा वीनसॉर पुढे करायचं कोणाला सुचलं होतं? आम्ही आइस बीम हा बर्फाचा हल्ला शिकवलेला लाप्रास घेऊन, हातात बेशुद्ध पोकेमॉन उठवणारे रिव्हाइव्ह मोजत जायचो. लान्सचा दरारा आमच्यापुरता खराच होता. असो. वाढवा वेग, निदान लव्हेंडर टाउन या भुताटकीच्या गावात तरी बंद करा. ते संगीत चौपट वेगाने ऐकणं पाप आहे.

निवांत: लव्हेंडर टाउनपुरतं मान्य. झुबॅट तुमचे तुम्हाला लखलाभ.

जुनी_खोड: मोल्ट्रेसवर मास्टर बॉल टाकण्यात चूक काय, ते कोणी सांगेल का?