केवळ रिलेवर धावपटूची कारकीर्द उभी राहते का?

कांदिवलीकर पालक :
माझी सतरा वर्षांची मुलगी ४०० मीटर धावते. तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, वैयक्तिक पदक मिळो न मिळो, ४ x ४०० रिलेच्या (चौघींनी पाठोपाठ प्रत्येकी ४०० मीटर धावायच्या शर्यतीच्या) चमूत एकदा शिरकाव झाला की पुढची काही वर्षे काळजी नाही. पहाटेची लोकल, सरावाचा खर्च आणि बुडणारे कॉलेज पाहता मला हे सहजासहजी पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना चारशेवाला :
केवळ रिलेवर उभी राहत नाही. चमू निवडताना मुख्यतः ४०० मीटरची वैयक्तिक वेळच पाहिली जाते; फरक इतकाच, की वैयक्तिक शर्यतीत एखाद-दुसरीलाच संधी मिळते, तर रिलेच्या शिबिरात पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या मुलीलाही जागा असते. पैशांचे म्हणाल, तर २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णाला ७०,००० डॉलर होते आणि रिलेच्या सुवर्णाला ८०,०००, तेही अख्ख्या चमूत वाटून घ्यायचे. त्याच स्पर्धेत भारतीय पुरुषांनी प्राथमिक फेरीत २ मिनिटे ५९.०५ सेकंद असा तेव्हाचा आशियाई विक्रम केला. त्यात अखेरचा टप्पा धावलेला राजेश रमेश रेल्वेत तिकीट तपासनीस होता. घर त्या नोकरीवर चालते, आणि नोकरी मिळते ती मैदानावरच्या कामगिरीमुळे.

बॅटन हाती :
निवडीत मुख्यतः वेळच पाहतात, याबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. ४ x ४०० मध्ये बॅटन (पुढच्या धावपटूच्या हाती द्यायची नळी) आणणारी थकलेली असते, त्यामुळे घेणारीने मागे वळून तिचा वेग जोखावा लागतो, शिवाय शेजारच्या धावपटूंच्या गर्दीत आपली जागाही राखावी लागते. हे अंगी बाणायला वर्षे जातात आणि म्हणूनच अनुभवी धावपटू चमूत टिकतात. धोकाही सांगतो : २०२४ मध्ये बहामातील नासाऊ येथे जागतिक रिले स्पर्धेत याच रमेशच्या पायात गोळा आला, त्याला मध्येच थांबावे लागले आणि चौघांचीही शर्यत तिथेच संपली. दुसऱ्या दिवशीच्या पात्रता फेरीत त्याच्या जागी आरोकिया राजीव धावला, तेव्हा कुठे पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळाली.

कांदिवलीकर पालक :
दोघांचेही आभार. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ४ x ४०० रिलेचे रौप्य मिळवणाऱ्या महिला चमूत आपल्या मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती, तेव्हापासून मुलीने हट्ट धरला आहे. बारावीची परीक्षा मात्र तिने द्यायचीच, असे ठरवले आहे; रेल्वेच्या क्रीडा कोट्यासाठी कोणत्या स्पर्धांतील कामगिरी ग्राह्य धरतात, याची चौकशी सोमवारी चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयात जाऊन करतो.