सी भाषेत स्ट्रक्चर जसेच्या तसे फाइलमध्ये लिहावे का?

अर्धविराम (धागाकर्ता):
सी शिकवताना आपण विद्यार्थ्यांकडून अख्खे स्ट्रक्चर (वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीचा एकत्र गठ्ठा) एका एफराइटने, म्हणजे मेमरीतले बाइट जसेच्या तसे लिहिणाऱ्या फंक्शनने, फाइलमध्ये लिहून घेतो आणि एफरीडने परत वाचायला लावतो. ही सवय पहिल्याच वर्षी मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रेणीसाठी कॅर, गुणांसाठी डबल आणि हजेरी क्रमांकासाठी इंट, याच क्रमाने स्ट्रक्चर घ्या. बेरीज 13 बाइट होते, पण प्रत्यक्ष आकार सांगणारा साइझऑफ 64 बिटी लिनक्सवर 24 सांगतो आणि 32 बिटी इंटेल लिनक्सवर जीसीसी कंपायलरने 16 सांगतो. मधली रिकामी जागा कंपायलर सोडतो आणि ती यंत्रागणिक वेगळी असू शकते, त्यामुळे एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर उघडली की गुणांच्या जागी भलतेच आकडे येतात. नावासाठी ॲरेऐवजी पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) ठेवला असेल, तर फाइलमध्ये नाव जातच नाही, नुसता पत्ता जातो. प्रोग्रॅम चालू असताना वाचून पाहिले तर नाव बरोबर दिसते, आणि म्हणूनच ही चूक दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम नव्याने चालवेपर्यंत लक्षात येत नाही.

नदीकाठ:
असहमत. हे सारे दोष फाइल दुसरीकडे नेण्याचे आहेत. एकाच यंत्रावर काम असेल, तर सर्व रेकॉर्ड समान लांबीचे असल्यामुळे एफसीकने (फाइलमधील हव्या त्या जागी नेणाऱ्या फंक्शनने) थेट 500व्या रेकॉर्डवर जाऊन तेवढेच बदलता येते. मजकूर फाइलमध्ये 9 चे 10 करायचे म्हटले तरी पुढचे सगळे सरकवावे लागते. लिनक्सच्या डब्ल्यूटीएमपी फाइलमध्ये लॉगिनच्या नोंदी अशाच स्ट्रक्चरच्या रूपात लिहिल्या जात आल्या आहेत.

अर्धविराम:
ते उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. 32 बिटी प्रोग्रॅमना तीच फाइल वाचता यावी म्हणून 64 बिटी इंटेल लिनक्सवरही जीलिबसीने (लिनक्सवरील सीच्या प्रमाण लायब्ररीने) त्या नोंदीतील वेळेचा रकाना 32 बिटींचाच ठेवला, आणि 2038 ची अडचण (त्या वर्षी सेकंदांची मोजणी 32 बिटींत मावेनाशी होते) तिथे तशीच राहिली. याउलट एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइलही बायनरीच आहे, पण तिच्या सुरुवातीच्या 100 बाइटांच्या हेडरमधील प्रत्येक रकान्याची जागा ठरलेली आहे आणि पूर्णांक सर्वत्र बिग एंडियन (सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी) आहेत. थेट नोंदीवर जाण्यासाठी स्ट्रक्चर ओतावेच लागते असे नाही.

सह्यवारा:
प्रयोगशाळेत मला सर्वाधिक भेटणारी चूक वेगळीच आहे: विंडोजवर फाइल उघडताना बायनरी मोडच्या 'डब्ल्यूबी'ऐवजी टेक्स्ट मोडचे नुसते 'डब्ल्यू' लिहिणे. हजेरी क्रमांक 10 चा बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) 0ए, म्हणजे नवी ओळ; त्याच्या आधी 0डी आपोआप घुसतो, आणि तीच फाइल 'आरबी'ने वाचली की तिथून पुढचे सारे एका बाइटने सरकते. "सर, नवव्यापर्यंत बरोबर येतंय," असे मुले सांगतात. वाचनही टेक्स्ट मोडमध्ये केले, तर 10 निभावतो, पण 26 म्हणजे 1ए, आणि तिथे फाइल संपली असे समजून वाचन थांबते. स्ट्रक्चर लिहून ती फाइल हेक्समध्ये उघडून पाहिल्याशिवाय हे उमजत नाही, त्यामुळे सवय पहिल्या वर्षी मोडू नये.

नदीकाठ:
अर्धविराम, फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती क्रमांक आणि साइझऑफची किंमत लिहून वाचताना ताडून पाहावी, इतके मी मान्य करतो. त्याने 24 आणि 16 चा घोळ पहिल्याच वाचनात पकडला जातो, आणि एफराइटही राहतो.