दुप्पट भावाने स्टीलचं रोलेक्स डेटोना घड्याळ घ्यावं का? हे भाव टिकतील का? (सल्ला हवा आहे)

सिन्नरकर

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, वय ४७. सिन्नरजवळ आमचा छोटा प्लॉट होता, तो नुकताच विकला. कर आणि इतर देणी भागवून २८ लाख हातात उरले. मुलगी दहावीत आहे. तिच्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी हे पैसे राखून ठेवायचे, असं बायकोचं आणि माझं ठरलं होतं.

आता मेहुणा दुबईहून रोज फोन करतोय. त्याच्या ओळखीच्या दुकानात स्टीलची रोलेक्स डेटोना आहे. पांढरी डायल, २०२४ चं वॉरंटी कार्ड, बॉक्स-पेपर सगळं जागेवर. भाव आपल्या रुपयांत साधारण २६ लाख, म्हणजे शोरूमच्या किमतीच्या दुपटीला थोडाच कमी. शोरूममध्ये नाव लावून वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून बाहेर हा भाव. त्याचं म्हणणं, "दाजी, हे सोनंच समजा. सहा वर्षांनी काढाल तेव्हा दुप्पट झालेलं असेल, तोवर हातात घाला."

घड्याळांचं वेड मला लहानपणापासून आहे. वडिलांच्या एचएमटीला रोज सकाळी चावी द्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते घड्याळ अजून चालतं. त्यामुळे मन ओढ घेतंय, आणि नेमकं म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा नाही. हे भाव टिकतील का? घ्यायचंच ठरलं तर काय बघून घ्यावं?

लंबक

सिन्नरकर, पैसे देण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत.

डेटोना नेहमीच अशी दुर्मीळ नव्हती. १९६३ मध्ये आली तेव्हापासून १९८८ पर्यंत ती चावीची होती आणि दुकानांत पडून असायची. आज जिला अमेरिकी नट पॉल न्यूमनच्या नावाने 'पॉल न्यूमन डायल' म्हणतात ती तर गिऱ्हाईक घ्यायला तयार नसे. त्याच नटाची स्वतःची डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. घड्याळ तेच, बघणारी माणसं बदलली. भाव असा लोकांच्या ओढीवर चढतो, आणि ओढ कमी झाली की त्याच वाटेने उतरतो.

अलीकडचं बघा. २०१६ मध्ये सिरॅमिक बेझलची (डायलभोवतीच्या कड्याची) स्टील डेटोना आली, किंमत १२,४०० डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला तिला बाहेर ४० हजारांच्या वर मागत होते. पुढच्या दोन वर्षांत ती तीस हजारांच्या आसपास उतरली. पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीची नॉटिलस ५७११ याहून बोलकी आहे. शोरूमची किंमत सुमारे ३५ हजार डॉलर. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने ती बंद करत असल्याचं सांगितलं आणि वर्षभरात भाव दीड लाखाच्या पुष्कळ वर गेला. मग तीही एक लाखाच्या आसपास आली. ज्यांनी ३५ हजारांत घेतली ते आजही खूश आहेत. दीड-दोन लाख मोजणाऱ्यांचं काय झालं, ते कुणी आपणहून सांगत नाही.

हे एकाच वेळी का झालं? मार्च २०२० मध्ये लॉकडाउनमुळे स्वित्झर्लंडचे कारखाने काही आठवडे बंद पडले, माल आटला. लोक घरात, प्रवास नाही, हॉटेल नाही, अमेरिकेत व्याजदर जवळजवळ शून्य, क्रिप्टोत पैसा चढलेला. तो पैसा अशा वस्तूंकडे वळला. मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर वाढू लागले, मे महिन्यात लुना हे क्रिप्टो चलन कोसळलं, नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हा क्रिप्टोचा बाजार बुडाला, आणि घड्याळांचा बाजारही त्याच काळात खाली आला. भाव पैशाच्या पुरामुळे चढला होता. पूर ओसरल्यावरही रोलेक्सच्या काही मॉडेलांचा भाव शोरूमच्या वर राहिला, हे खरं आहे. पण तुम्ही २६ लाखांतले जवळजवळ निम्मे घड्याळाचे देताय आणि निम्मे रांग चुकवण्याचे. घड्याळाची किंमत कंपनी जवळजवळ दरवर्षी वाढवते. रांगेच्या किमतीची हमी कुणीच देत नाही.

पक्का_मालक

लंबक यांच्याशी थोडा असहमत. इतर कंपन्या सोडा, रोलेक्स वेगळी आहे. मालकी संस्थापकाच्या नावाच्या हान्स विल्सडॉर्फ फाउंडेशनकडे, शेअर बाजाराचं दडपण नाही, माल ओतण्याची घाई नाही. २०२२ च्या अखेरीस त्यांनी स्वतःच प्रमाणित वापरलेली घड्याळं विकायला सुरुवात केली, दोन वर्षांच्या हमीसह. २०२३ मध्ये बुखेरर ही मोठी दुकान-साखळी विकत घेतली. कंपनी स्वतः जुन्या मालाच्या बाजारात उतरली म्हणजे त्या भावाला आधार मिळाला. माझ्याकडची रोलेक्स सबमरीनर मी शोरूममधून घेतली, आज विकली तरी तोटा नाही.

लंबक

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, कारण तुम्ही *शोरूममधून* घेतलीत. सिन्नरकरांना तो भाव मिळत नाहीये.

एक_तास_मागे

माझा अनुभव लिहितो. लिहायला जड जातंय, पण सिन्नरकरांच्या जागी मी होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये टिफनी या अमेरिकी दागिन्यांच्या कंपनीच्या फिरोजी निळ्या रंगाची नॉटिलस लिलावात ६५ लाख डॉलरला गेली. त्यानंतर फिरोजी डायलच्या कुठल्याही घड्याळाला मागणी आली. रोलेक्सचं ऑयस्टर परपेच्युअल ४१ फिरोजी डायलमध्ये होतं, शोरूमची किंमत सहा हजार डॉलरच्या आसपास. मी फेब्रुवारी २०२२ मध्ये एका विक्रेत्याकडून ते १८ लाखांना घेतलं. बोनस आणि थोडं कर्ज. तेव्हा रोज संध्याकाळी मोबाइलवर भाव बघायचो आणि तो रोज वाढायचा. जून २०२३ मध्ये आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे लागले. तीन दुकानांत फिरलो. सगळ्यात चांगला देकार १०.५ लाख.

मोबाइलवर जो भाव दिसतो तो *मागितलेला* भाव असतो. दुकानदार तुमच्याकडून घेताना त्यात त्याचा नफा, महिनोन्महिने पडून राहण्याची जोखीम आणि सर्व्हिसिंगचा खर्च वजा करतो. आणि तुम्हाला घाई आहे हे त्याला तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. मुलीची फी भरायची तारीख तुम्ही ठरवत नाही, विद्यापीठ ठरवतं. त्या महिन्यात बाजार कसा असेल?

मी ते घड्याळ दीड वर्षात फारतर दहा वेळा घातलं असेल. खरचटेल याची भीती वाटायची.

आल्प्सपलीकडे

मी स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलजवळ राहते. घड्याळांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. इथून जे दिसतं ते सांगते.

२०२३ हे स्विस घड्याळांच्या निर्यातीचं विक्रमी वर्ष होतं, २६.७ अब्ज फ्रँक. २०२४ मध्ये ती थोडी घटली, पण चीनला जाणारा माल पाव हिस्सा कमी झाला. आमच्या भागात काही कारखान्यांनी कामाचे तास कमी केले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ३९ टक्के आयातशुल्क लावलं, नोव्हेंबरमध्ये ते १५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. नवा माल महाग झाला की तिथे आधीच असलेल्या वापरलेल्या घड्याळांना भाव येतो. म्हणजे आजच्या भावात अशा सरकारी निर्णयांचाही हात असतो, आणि ते एका पत्रकार परिषदेत बदलतात.

पक्का_मालक, रोलेक्स माल ओतणार नाही हे खरं, पण वाढवणारच नाही असंही नाही. फ्रिबूर परगण्यात बुल या गावी त्यांचा मोठा कारखाना उभा राहतोय, २०२९ च्या सुमारास सुरू होईल, सुमारे २,००० माणसं. सिन्नरकरांची मुलगी पदवीला असेल त्याच काळात. त्यातून किती डेटोना निघतील हे कंपनी सांगत नाही. पण टंचाई कायम राहील असं गृहीत धरून मुलीचं शिक्षण त्यावर टांगू नये, असं मला मनापासून वाटतं.

टंचाई कशी विरते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २६ मार्च २०२२ ला ओमेगा आणि स्वॉचचं मूनस्वॉच आलं, किंमत २६० डॉलर. दुकानांपुढे रात्रीपासून रांगा आणि त्याच दिवशी कितीतरी पटीने पुनर्विक्री. स्वॉचने ते बनवणं चालू ठेवलं आणि वरचा भाव गळून गेला. ते प्लास्टिकसारखं स्वस्त घड्याळ आहे, डेटोनाशी तुलना नाही. पण रांगेतल्या माणसांचे चेहरे तेच होते.

करकपात

पेशाने सीए आहे, म्हणून फक्त माझ्या विषयापुरतं.

२६ लाखांत कस्टम ड्युटी धरली आहे का? मेहुण्याने हातात घालून आणलं तरी ते विमानतळावर जाहीर करावं लागतं. तुम्हाला विकण्यासाठी किंवा देण्यासाठी आणलेली वस्तू रेड चॅनलनेच (ड्युटी लागणारा माल जाहीर करायच्या रांगेतूनच) यायला हवी. ड्युटी भरली की २६ चे २६ राहत नाहीत. न भरता आणलं तर जप्ती आणि दंड, आणि पुढे इथल्या कुठल्याही चांगल्या दुकानात विकायला गेलात की पहिला प्रश्न आयातीच्या कागदांचा.

शिवाय भारत आणि एफ्टा देशांचा (स्वित्झर्लंड त्यातलाच) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने काढायचं त्यात ठरलं आहे. पुढच्या काही वर्षांत इथल्या शोरूमच्या किमतीवरचा तो बोजा उतरत जाईल. तुमचा विकण्याचा काळ नेमका तोच.

इथल्या शोरूममधून १० लाखांवरचं घड्याळ घेतलं तर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने किमतीवर गोळा करायचा आयकर) घेतला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आणि रोजच्या वापरातलं घड्याळ आणि नफ्यासाठी लॉकरमध्ये ठेवलेलं घड्याळ यांच्याकडे आयकर खातं एकाच नजरेने बघेल असं धरून चालू नका.

जुनी_चावी

मी पुण्यात घड्याळं दुरुस्त करतो, ३१ वर्षं झाली. भावांचं गणित वरच्या मंडळींनी सांगितलं, मी हातातलं सांगतो.

जिथे भाव चढतो तिथे नकली माल येतो. एचएमटीचंच बघा. घड्याळं बंद होणार अशी बातमी २०१४ मध्ये आली, आणि 'जनता' किंवा 'पायलट' ही जी मॉडेलं लोक मला फुकट देऊन जायचे त्यांना हजारो रुपये मागू लागले. पाठोपाठ रंगवलेल्या डायलची, चार घड्याळांचे भाग जोडून केलेली घड्याळं निघाली. या धंद्यात त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. रोज एकतरी माणूस असं घड्याळ घेऊन येतो आणि खरं सांगताना मलाच वाईट वाटतं.

डेटोनाचं तर आता मशीनसुद्धा हुबेहूब नक्कल केलेलं मिळतं. बाहेरून बघून मीही छातीठोक सांगणार नाही. मागचं झाकण उघडून, भिंगाखाली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्डावरचा नंबर आणि केसवरचा नंबर जुळला एवढं पुरत नाही, कार्डंही बनवतात. केसच्या कडा धारदार आहेत की पॉलिश मारून गोल झाल्यात ते बघा. एकदा पॉलिशने गेलेलं स्टील परत येत नाही आणि जाणकार गिऱ्हाईक त्याचे पैसे कापतो.

सिन्नरकर दादा, एक काम करा. मेहुण्याला त्या दुकानात पाठवा आणि उलटा प्रश्न विचारायला लावा: "हेच घड्याळ, याच अवस्थेत, मी आज तुम्हाला विकायला आणलं तर काय द्याल?" उत्तर लिहून घ्या.

पक्का_मालक

जुनी_चावी यांचा प्रश्न फार मोलाचा आहे. मीही माझं म्हणणं सुधारतो: शिक्षणाचे पैसे असतील तर नको. हौसेसाठीच हवं असेल तर ट्यूडर, ओमेगा, लाँजिन यांची दोन-तीन वर्षं वापरलेली बघा. ती शोरूमच्या किमतीखाली मिळतात, पहिल्या मालकाने पडझड सोसलेली असते. रोज घालता येतं आणि झोप लागते.

सिन्नरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मेहुण्याच्या फोनची वाट बघत होतो.

त्याने दुकानात विचारलं. विकायचा भाव २६, आणि तेच घड्याळ आज परत घ्यायचा भाव २१.५ लाख. ड्युटी त्यात धरलेली नव्हती, त्याला ते माहीतच नव्हतं. तो बिचारा माझ्या भल्यासाठीच धडपडत होता. साडेचार लाखांचा फरक ऐकून तोच म्हणाला, "दाजी, राहू द्या."

एक_तास_मागे, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तुमच्या आईंची तब्येत आता कशी आहे?

पैसे बँकेत मुलीच्या नावे मुदत ठेवीत टाकतोय, फीच्या वर्षांप्रमाणे तीन भागांत. पक्का_मालक यांनी सुचवलेल्यांपैकी काही बघायचं तर ते माझ्या पगारातून, पुढच्या वर्षी.

जुनी_चावी काका, शनिवारी पुण्याला येतोय. वडिलांचं एचएमटी दिवसाला सहा-सात मिनिटं मागे पडतंय आणि काचेला चीर गेलीय. डायलवर डाग आहेत, त्यांना हात लावायचा नाही. काच मिळेल का तुमच्याकडे?

जुनी_चावी

काच मिळेल. मॉडेलचं नाव आणि मागच्या झाकणाचा फोटो आधी पाठवा, म्हणजे मापाची काढून ठेवतो. मागे पडतंय ते बहुतेक तेल सुकल्यामुळे. ऑइलिंग करून आठवडाभर निरीक्षणाला ठेवावं लागेल, त्यामुळे त्याच दिवशी परत न्यायची घाई करू नका.