वायसोलोन चालू आहे, वजन वाढतंय आणि डोस कमी केला की सांधे परत सुजतात, काय करू?

खानापूरची लेक:
नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातली, वय ४३. हाडांचा नव्हे, सांध्यांचाच आजार, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. डॉक्टर बेळगावात आहेत. त्यांनी वायसोलोन, म्हणजे प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी, १५ मिलिग्रॅमपासून सुरू केली, मग १० वर आणली, सोबत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (मूळ आजार आवरणारं औषध) आणि फॉलिक ॲसिड. गोळीनं गुण आला हे खरं आहे, आधी सकाळी मूठच वळत नव्हती, घागर उचलायची तर मनगटात कळ यायची, आता भाकरी थापते. पण तोंड गोल झालंय, पोट सुटलंय, दंडात ब्लाऊज जात नाहीत, आणि भूक अशी की जेवून उठलं की तासाभरात परत काहीतरी खावंसं वाटतं, रात्री उठून डब्यात हात जातो. आता डॉक्टरांनी १० ची साडेसात केली आणि नेमकी तेव्हाच आमच्यात भाताची लावणी आली, बोटांचे पेर आणि गुडघे परत सुजले. फोन केला तर म्हणाले सध्या १० वरच राहा, तपासणीला या. घरात एकेक जण एकेक सांगूलालेत, सासूबाई म्हणतात गोळीच सोड, जाऊ म्हणते बाजाराला एक जण पुड्या देतो त्यानं चार दिवसांत सूज उतरते. मला वजन पण आवरायचंय आणि सांधे पण सांभाळायचेत, दोन्ही एकदम होतं का? भात सोडायचा का? ज्यांची ही गोळी चालू आहे किंवा होती त्यांनी सांगा प्लीज.

शहापूरची वहिनी:
ताई, होतं, दोन्ही होतं, वेळ लागतो पण होतं. मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, आणि ही गोळी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. पहिली गोष्ट, ती भूक तुमचा हावरटपणा नाही, औषधच भूक वाढवतं, त्यामुळं स्वतःला बोल लावत बसू नका आणि घरच्यांना पण हे सांगा. वजनात दोन प्रकार असतात, एक चरबी आणि एक पाणी. बोटातली अंगठी घट्ट होते, संध्याकाळी पायाला मोज्याचा वळ राहतो, ते पाणी, आणि ते मिठामुळं वाढतं कारण ही गोळी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते. म्हणून भात सोडायच्या आधी पापड, लोणचं, सांडगे, सुकट, फरसाण आणि वरून घेतलेलं मीठ सोडा. मी ताकात मीठ घालायचं बंद केलं, जिरं आणि कोथिंबीर घालते, आता तशीच सवय झालीय.

भाताबद्दल, खानापुरात भात सोडा म्हणणं म्हणजे काय ते मला माहितीय, माझं माहेर तिकडचंच. सोडू नका, क्रम बदला. आधी ताट भाजी-उसळीनं भरायचं, मटकी, चवळी, अंडं, जे असेल ते, मग अर्धी-एक ज्वारीची भाकरी, आणि भात शेवटी मुठीएवढा. आधी भात घेतला तर तो दोनदा वाढला जातो. रात्रीच्या भुकेसाठी जेवणातलाच थोडा भाग मागं ठेवते, वाटीभर उसळ किंवा दूध, साखर न घालता, म्हणजे अंधारात डबे उघडायची वेळ येत नाही. कुंदा आणि करदंट सणाला एक तुकडा, घरात डबा भरून ठेवायचा नाही, भूक असताना समोर असलं की हात जाणारच.

आणि साखर तपासून घ्या, ही महत्त्वाची गोष्ट कुणी सांगत नाही. गोळी सकाळी घेतो ना, तिच्यामुळं साखर दुपारनंतर चढते, उपाशीपोटीची कित्येकदा नॉर्मल येते आणि आपण निर्धास्त राहतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी रक्त द्या. गोळी सकाळी नाष्ट्यानंतरच घ्यायची, रात्री घेतली की झोप उडते, झोप उडाली की परत खाणं.

निपाणीचा फार्मसीवाला:
वहिनींनी खाण्याचं नीट सांगितलंय, मी औषधाचं बोलतो, दुकानात रोज हेच बघतो. सासूबाईंना समजावा, ही गोळी अचानक सोडायची नाही, कधीच नाही. आपल्या मूत्रपिंडांवर छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचं स्टेरॉईड तयार करतात, प्रेडनिसोलोनच्या हिशोबात साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम. बाहेरून गोळी महिनोन्महिने मिळत राहिली की त्या ग्रंथी काम थांबवतात. एकदम सोडली तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं, अंगात त्राणच न राहणं, माणूस दवाखान्यात भरती होतो, वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेततं. म्हणून हळूहळू उतरवतात, आणि साडेसातच्या खाली तर आणखी हळू, कारण त्या ग्रंथी जाग्या व्हायला वेळ लागतो. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, उद्यावर ढकलायचं नाही. ऑपरेशन असो की दात काढणं, आधी सांगायचं की स्टेरॉईड चालू आहे.

आपल्या सीमाभागात आणखी एक होतं. पेशंट बेळगावात एक डॉक्टर बघतो, दुखणं थांबलं नाही की पाहुणे मिरजेला नाहीतर कोल्हापूरला नेतात, तिथं दुसरी चिठ्ठी मिळते आणि पहिली पिशवीत तशीच असते. एका चिठ्ठीवर वायसोलोन, दुसऱ्यावर मेड्रोल, नावं वेगळी म्हणून दोन्ही घेतात. दोन्ही स्टेरॉईडच! मेड्रोल ४ म्हणजे वायसोलोन ५ च्या बरोबरीची. डिफ्लाझाकॉर्ट पण त्यातलीच, ६ म्हणजे वायसोलोन ५. त्यामुळं कुठंही जा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, फक्त कागद नको. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, चुकून रोज घेतली तर फार वाईट परिणाम होतो. आणि त्या औषधाला असर दाखवायला ६ ते १२ आठवडे लागतात, म्हणून मधल्या काळात स्टेरॉईडचा आधार असतो. तोवर सूज आली म्हणजे औषध लागू पडत नाही असा अर्थ काढू नका.

पुड्यांबद्दल हात जोडून सांगतो, घेऊ नका. चार दिवसांत सूज उतरवणाऱ्या अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईडच मिसळलेलं सापडलेलं आहे, किती ते देणाऱ्याला पण माहीत नसतं. तुमची गोळी चालू असताना वरून ते म्हणजे डबल डोस, आणि पुडी संपली की एकदम बंद. ज्येष्ठमधाचा काढा पण रोज घेऊ नका, त्यानं पाणी साठतं, बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर मनानं घ्यायची नाही, स्टेरॉईडसोबत पोटात अल्सर व्हायचा धोका वाढतो.

चिक्कोडी_दादा:
वडिलांना ही गोळी होती. मांड्यांची ताकद जाते हे लक्षात ठेवा, जमिनीवरून उठताना हात टेकायला लागले की समजायचं. त्यांना फिजिओनं खुर्चीवरून हात न लावता उठायला-बसायला लावलं होतं, सूज उतरलेली असताना, दमेल इतकंच. चालणं तर हवंच. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारा, हाडं ठिसूळ होतात. डोळे पण दाखवा, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हीचा धोका असतो.

खानापूरची लेक:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. वहिनी, अंगठीचं अगदी तसंच आहे, साबण लावून काढावी लागली. पुडीचा विषय मी आज जावेला सांगून बंदच केला. एक विचारायचं राहिलं, डोस कमी केल्यावर दुखतं ते आजार उसळला म्हणून की गोळी कमी झाली म्हणून, हे कसं ओळखायचं?

शहापूरची वहिनी:
छान विचारलंत. डोस उतरवल्यावर काही दिवस अंग मोडून येतं, मरगळ येते, सगळीकडं दुखतं पण सांधा सुजलेला नसतो, गरम लागत नाही. आजार उसळला की ठरावीक सांधे सुजतात, गरम होतात, आणि सकाळची आखड तासाभरापेक्षा जास्त राहते. तरी शेवटी ठरवायचं डॉक्टरांनीच, ते ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, बघतात. मी वहीत रोज तीनच गोष्टी लिहिते, सकाळी आखड किती वेळ, कोणता सांधा, आणि आदल्या दिवशी काय काम केलं. तुमच्या वहीत लावणी येईलच, आणि मग डॉक्टरांना विचारता येईल की पुढच्या वेळी डोस हंगाम संपल्यावर उतरवायचा का. माझा डोस दर वेळी असाच, जरा निवांत दिवस बघून उतरवलाय.

निपाणीचा फार्मसीवाला:
यात एक भर घालतो. ताप, जळजळीची लघवी, खोकला असं काही असेल तर त्याला सांध्याचा त्रास समजून घरी बसू नका. स्टेरॉईड आणि मेथोट्रेक्सेट दोन्हीनं प्रतिकारशक्ती कमी होते, वर स्टेरॉईडमुळं ताप दबतो, १०० ताप पण गंभीर असू शकतो. आणि हो, तपासणीला जाताना डॉक्टरांना सरळ विचारा की स्टेरॉईड आणखी कमी करता यावं म्हणून मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवता येईल का किंवा दुसरं औषध जोडता येईल का. वजनाची खरी वाट तिथूनच जाते. पेशंटनं विचारलं तर डॉक्टर सांगतात, लाजू नका अक्का.

खानापूरची लेक:
विचारते नक्की. गुरुवारी जातेय बेळगावला, सगळी पाकिटं आणि वही घेऊन. येऊन कळवते.