नवी गाडी किती वेळा दुरुस्तीला न्यायची? कायद्यात आकडा हवाच

वाघूरकाठ, जळगाव
गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरात पहिली गाडी आणली. ऑटोमॅटिक, ११ लाख ४० हजारांची. आठ महिन्यांत ती पाच वेळा वर्कशॉपला गेली आणि सगळे मिळून ४१ दिवस तिथेच उभी राहिली. दोष एकच. चढावर गिअर सुटतो आणि गाडी न्यूट्रलला पडते. कन्नडच्या घाटात आई मागच्या सीटवर असताना हे झालं. गाडी मागे सरकायला लागली, मागे एक जीप होती. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. वर्कशॉपचं उत्तर दर वेळी तेच, "सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता चालवून बघा."

अमेरिकेत अशा गाडीला 'लेमन' म्हणतात. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने यासाठी पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांच्या आत तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, जिवावर बेतणारा दोष दोनदा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये अडकली, तर ग्राहकाचं खरं धरून चालतात. ते खोटं ठरवायचं काम कंपनीचं. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गाडी बदलून देणं आहे, पैसे परत करणंही आहे. पण किती फेऱ्यांनंतर? ते कुठेच लिहिलेलं नाही. तो आकडा आपल्याकडेही यावा, एवढंच माझं मागणं आहे.

वर्कशॉपमधला, धुळे
तुमच्यावर बेतलं ते वाईटच. पण आकड्याला माझा विरोध आहे. मी १४ वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. निम्म्या तक्रारी "मायलेज मिळत नाही", "डॅशबोर्ड वाजतो", "मे महिन्यात एसी गार करत नाही" अशा असतात. ४५ डिग्रीत दिवसभर उन्हात तापलेली गाडी पाच मिनिटांत गार होत नाही. शेतातल्या घरी उभ्या गाडीचं वायरिंग उंदीर कुरतडतात, तेही कंपनीच्याच माथी मारलं जातं. या सगळ्याची फेरी मोजायची का?

दुसरं, मधूनच येणारा दोष पहिल्या दोन वेळांत सापडतोच असं नाही. आमच्यासमोर गाडी ठणठणीत चालते. आणि एकदा का चारचा आकडा ठरला की चौथ्या वेळी जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार लिहितात त्या कागदावर, तीच तक्रार कुणी लिहिणार नाही. शब्द बदलतील. जिवाला धोका असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलात रिकॉल आहेच, सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं.

वाघूरकाठ, जळगाव
दादा, रिकॉल त्या प्रकारच्या सगळ्या गाड्यांसाठी असतो; त्यासाठी ठरावीक टक्के मालकांची तक्रार किंवा तपासणी संस्थेसारख्या दुसऱ्या कुणाची माहिती सरकारकडे जावी लागते. माझी गाडी एकच आहे. आणि शब्द बदलतील म्हणता? ते आजच बदलताहेत! माझ्या पाचपैकी तीन जॉब कार्डांवर "जनरल चेकअप" लिहिलंय. आकडा नसतानाही हे होतंय, मग आकड्याला दोष का देता?

वकिलीण, जळगाव
जिल्हा ग्राहक आयोगात काम करते म्हणून थोडं सांगते. गाडीसाठी तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच होते. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० ते २० लाखांना ४०० रुपये. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता तिथे दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती "अजून एकदा दाखवून बघू" करण्यात जाते.

अडतं ते पुराव्यावर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची अट असेल तर त्या अटीवर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. उत्पादनातलाच दोष आहे हे दाखवायला सहसा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. प्रयोगशाळेची फी आयोग तक्रारदारालाच भरायला लावू शकतो. कायदा म्हणतो तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात वर्षं जातात. म्हणून मला आकड्यापेक्षा तपासणीचा खर्च आणि सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकणं जास्त गरजेचं वाटतं.

केळीवाला, रावेर
ताई, वर्षं जातात हेच तर दुखणं. मी पिकअप घेतली, स्वतः चालवतो. दुसऱ्या महिन्यात इंजिन तापायला लागलं. घड कापून झाले आणि गाडी दारात बंद. केळी काय पार्ट येईपर्यंत थांबते? २६ दिवस गाडी आत, हप्ता मात्र पाच तारखेला कटला. वरून ऐकवलं, "धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही." मला फेऱ्या नकोत मोजायला, दिवस मोजा. तीस दिवस झाले की दुसरी गाडी किंवा पैसे.

वकिलीण, जळगाव
भाऊ, ते चुकीचं सांगितलं. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी असेल तर कायद्यानुसार तुम्ही ग्राहकच. स्वतः चालवता याचा पुरावा जपून ठेवा. आणि डीलर व कंपनी दोघांनाही पक्षकार करा. डीलरची चूक आपोआप कंपनीवर जात नाही, असं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय.

वर्कशॉपमधला, धुळे
केळीवाले भाऊ, तुमचं दुखणं पटतं. पण त्या २६ दिवसांतले बरेच दिवस पार्ट कंपनीच्या गोदामातून यायला लागतात, आणि शिव्या आम्ही खातो. दिवस मोजायचे तर ते कंपनीच्या नावावर मोजा, डीलरच्या नको. फेऱ्यांच्या आकड्याला माझा विरोध कायम आहे.

वाघूरकाठ, तुमचं "जनरल चेकअप" मात्र आमच्या लोकांचं चुकलंच. आता गेलात की "चढावर गिअर सुटतो" हे तुमच्या शब्दांत लिहिल्याशिवाय जॉब कार्डवर सही करू नका. गाडीला कॉम्प्युटर लावून तपासतात त्या स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा. आणि ॲडव्हायझरला शेजारी बसवून घाटात न्या. सपाट रस्त्यावर तुमचा दोष कधीच दिसणार नाही.

वाघूरकाठ, जळगाव
सोमवारी गाडी पुन्हा नेतोय. त्या माणसाला घेऊन थेट कन्नड घाट. नाही आला तर तेही लेखी मागेन.